घराचं वायरिंग नव्याने करताना नेटची केबल कुठली घ्यावी?

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत १० मिनिटांवर. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं आणि मागे नंतर बांधलेल्या २ स्लॅबच्या खोल्या. लाइटचं वायरिंग जुनं झालंय, बोर्डात ठिणग्या पडायला लागल्यात, म्हणून दिवाळीनंतर सगळं नव्याने करून घेणार आहोत. मुलगा-सून पुण्यात नोकरी करतात, वर्षातले ४ महिने इथे राहून घरूनच काम करू म्हणतात. वाडीत घरापासून ४० मीटरवर पर्यटकांसाठी २ खोल्या बांधल्यात, तिथेही नेट हवं. वायरमन म्हणतो, कॅट ५ पुष्कळ झाली, लाइटच्याच पाइपातून ओढून देतो. चिपळूणला एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले, कॅट ७ घ्या, जमलं तर कॅट ८. भाचा म्हणतो, वायर कशाला, वाय-फाय आहे की! कुणाचं ऐकायचं? फाटकाजवळ कॅमेराही बसवायचाय. आणि भिंतीत जुन्या फोनची वायर आहे, तिचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आधी थेट उत्तर देते. घरात सगळीकडे कॅट ६ घ्या. शुद्ध तांब्याची, आत अखंड तार असलेली (दुकानात तिला सॉलिड म्हणतात) आणि शील्ड, म्हणजे तारांभोवती धातूचं वेष्टन, नसलेली साधी यूटीपी. वाडीतल्या खोल्यांपर्यंत मात्र तांब्याची केबल नेऊच नका, तिथे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. आणि लाइटच्या पाइपातून नेटची केबल कुठल्याही परिस्थितीत ओढू देऊ नका.

भाच्याचं म्हणणं शहरातल्या २ खोल्यांच्या ब्लॉकला लागू आहे. तुमच्याकडे जांभ्याची भिंत फूटभर तरी जाड असणार. ओटीवर मोडेम ठेवला तर माजघर ओलांडून मागच्या खोलीत पोचेपर्यंत सिग्नलला अशा २-३ भिंती आडव्या येतात. वाय-फायचा वेगवान पट्टा ५ गिगाहर्ट्झचा, तो तर दुसऱ्याच भिंतीला दम टाकतो. पावसाळ्यात जांभा पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल आणखी अडवते. वाय-फाय तुम्हाला लागणारच आहे, मोबाइलला वायर कोण लावणार? पण त्याचे डबे घराच्या प्रत्येक भागात बसवायचे आणि त्या प्रत्येक डब्याला मागून केबल द्यायची. म्हणजे गणपतीत घर भरलं, वीसेक मोबाइल एकदम चालू झाले, तरी मागच्या खोलीत सुनेची मीटिंग अडकत नाही.

आता आकड्यांचं बघू. वायरमन अगदीच चुकीचं सांगत नाहीये. कॅट ५ई, म्हणजे ५ च्या पुढे ई असलेली केबल, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट (म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट) वेग आरामात देते आणि आपल्याकडे घरात घेतलेलं कनेक्शन बहुधा त्याच्या बरंच खाली असतं. पण भिंत एकदाच फुटणार आहे. खर्च मजुरीचा, खाचा पाडण्याचा, गिलाव्याचा आणि रंगाचा. त्यात ५ई आणि ६ यांच्या किमतीतला फरक कुठल्या कुठे जिरतो. कॅट ६ वर १ गिगाबिट तर आहेच, शिवाय ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही जातं. तुमच्या घरात मोडेमपासून सगळ्यात लांबचा पॉइंट ३० मीटरच्या पुढे जायचा नाही. म्हणजे पुढची कितीतरी वर्षं ही केबल कमी पडणार नाही.

कॅट ६ए १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट देते, पण ती जाड आणि ताठ असते. घरगुती बोर्डाच्या डब्यात तिला नीट वळवताना वायरमन मेटाकुटीला येतो. कॅट ८ सर्व्हर रूमसाठी काढलेली केबल आहे, तिचा पूर्ण वेग ३० मीटरपर्यंतच मिळतो. कॅट ७ ला तर अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेने आपल्या यादीत घेतलेलंच नाही, आणि तिच्यासाठी ठरवलेले जोड आपल्या नेहमीच्या आरजे-४५ पिनेपेक्षा वेगळे आहेत. दुकानात कॅट ७ म्हणून चपटी, रिबिनीसारखी केबल दाखवतात, तिच्यातल्या तारा फार बारीक असतात. टीव्हीच्या मागे मीटरभर लावायला ठीक, भिंतीत गाडायला नाही. मोठा आकडा म्हणजे चांगली केबल, असं इथे नसतं.

खरं लक्ष द्यायचंय ते तांब्याकडे. बाजारात सीसीए नावाची केबल सर्रास मिळते. आतली तार ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. दिसायला हुबेहूब, किमतीला बरीच कमी. नेटवर्क केबलच्या मानकांत ती बसतच नाही, तरी खोक्यावर ‘कॅट ६’ छापलेलं असतं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज द्यायची झाली तर केबल तापते आणि टोकाला व्होल्टेज पडतं. तार ठिसूळ असते, दोनचारदा इकडेतिकडे वाकवली की तुटते.

कोकणात याहून मोठी अडचण आहे ती खाऱ्या हवेची. भिंतीतल्या जॅकमध्ये केबल बसवताना प्रत्येक तार २ धारदार पात्यांच्या मध्ये दाबतात. पातं तारेचा कोट कापून आत रुततं. तार शुद्ध तांब्याची असली तर त्या जागी ती इतकी घट्ट बसते की हवा आत शिरत नाही. सीसीएमध्ये पातं तांब्याचा मुलामा फाडून ॲल्युमिनियमपर्यंत जातं. मग उघडं ॲल्युमिनियम, शेजारी तांबं आणि वर मिठाची ओल. अशा ठिकाणी २ धातूंमध्ये आपोआप प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. समुद्रकाठी पितळेच्या भांड्यांना किती भराभर कळंक चढतो ते तुम्ही रोज बघता. इथे तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची तार आहे. पहिलं वर्ष सगळं छान चालतं, मग एखाद्या पावसाळ्यानंतर नेट कधी येतं, कधी जातं. दोष मोडेमला दिला जातो, कंपनीच्या माणसाला पाच वेळा बोलावलं जातं, आणि खरी खराबी भिंतीत बसलेली असते.

म्हणून खोकं घेताना दुकानातच खात्री करून घ्या. केबलच्या आवरणावर ठरावीक अंतराने इंग्रजीत छापलेलं असतं, ते वाचा. कॅट ६, यूटीपी आणि तारेच्या जाडीचा आकडा २३ एडब्ल्यूजी दिसायला हवा (५ई ला २४ असतो). सीसीए ही ३ अक्षरं कुठेही दिसली तर खोकं खाली ठेवा. छापलेलं नसेल तर एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं की समजा ॲल्युमिनियम. वजनही बघा, तांब्याच्या कॅट ६ चं ३०५ मीटरचं पूर्ण खोकं साधारण १० किलो किंवा त्याहून जास्त भरतं. उचलल्यावर हलकं लागलं तर संशय घ्या.

याहून पक्की परीक्षा मल्टिमीटरची, आणि मल्टिमीटर तुमच्या वायरमनकडे असणारच. खोक्यातल्या केबलची दोन्ही टोकं बाहेर काढायला सांगा. एका टोकाला निळी आणि तिच्या जोडीची पांढरी-निळी या तारा सोलून एकमेकींना पिळायच्या. दुसऱ्या टोकाला त्याच २ तारांवर मीटरच्या सुया लावून ओहम मोजायचे. पूर्ण ३०५ मीटरच्या खोक्याला शुद्ध तांबं ४० ते ५० च्या आसपास आकडा दाखवतं. मानकाने दिलेली मर्यादा हिशेब केला तर ५७ च्या जवळ येते. ६० च्या वर आकडा गेला की खोकं परत करा, वाद घालायची गरज नाही. ही चाचणी ५ मिनिटांची आहे आणि खोकं विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशी, केबल कापायच्या आधी करायची आहे.

शील्डवाली केबल घ्यावी का, असं तुम्ही विचारलं नाही, पण दुकानदार सुचवेलच. नको. शील्डचा उपयोग ती पक्क्या अर्थिंगला जोडली तरच होतो. आपल्याकडे सड्यावर जांभ्यात अर्थिंग लागणं किती अवघड असतं ते वायरमनला विचारा, मार्च-एप्रिलमध्ये खडक कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. नेटसाठी नाही, तर घरातल्या माणसांसाठी म्हणून सांगते : या कामात लाइटचं अर्थिंग आधी तपासून घ्या. परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्या आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहा.

आता लाइटच्या पाइपाचं. वायरमन सोयीसाठी म्हणतोय, एक खाच वाचते. पण लाइटच्या वायरीत २३० व्होल्ट असतात. पाइपात ओढताना एखाद्या ठिकाणी कोट खरचटला, किंवा पुढे तापून वितळला, तर तो दाब शेजारच्या नेटच्या केबलवर येतो आणि तिथून थेट लॅपटॉपवर, म्हणजे मुलाच्या हाताखाली. सिग्नलमध्ये खरखर येते ही नंतरची गोष्ट. नेटला स्वतंत्र पाइप, स्वतंत्र डबे. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर मध्ये फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा.

पाइप २५ मिलिमीटरचा घ्या, त्यात कॅट ६ च्या ४ केबली सुखाने बसतात. २० मिलिमीटरच्या पाइपात २ च्या वर कोंबू नका. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरायला सांगा, कारण ही केबल इंचभरापेक्षा कमी त्रिज्येत वळवली तर आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो, आणि वेग त्या पिळावर टिकून असतो. गिलाव्यात उघडी केबल गाडू देऊ नका. जांभ्याच्या भिंतीत पावसाळाभर ओल असते, आणि पाइप नसेल तर उद्या केबल बदलायला पुन्हा भिंत फोडावी लागते. प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. कौलांखालून माळ्यावरून केबल न्यायची असेल तर तिथेही पाइपातूनच. उंदरांना हे आवरण फार आवडतं, पाइपाची उघडी तोंडं तारेच्या जाळीने बुजवा.

बाहेरून घरात येणारा प्रत्येक पाइप बाहेरच्या बाजूला उतरता हवा आणि केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोल द्यायला हवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. नाहीतर आषाढात पागोळ्यांचं पाणी केबलवरून ओघळत थेट मोडेमपर्यंत पोचतं. शक्य असेल तर पश्चिमेच्या, पावसाचा मारा घेणाऱ्या भिंतीतून पाइप आणूच नका.

सगळ्या केबली एकाच ठिकाणी येऊ द्या. मोडेमच्या जागी एक छोटी पेटी, तिथून प्रत्येक पॉइंटला अखंड, मध्ये जोड नसलेली केबल. ही पेटी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. मुलगा आणि सून बसतील त्या टेबलाशी २-२ पॉइंट, टीव्हीमागे १, वाय-फायच्या डब्यांसाठी ओटी, माजघर आणि मागच्या खोल्या अशा ३ जागी वर, छताजवळ. कॅमेऱ्यांना वेगळे. एवढ्याला ३०५ मीटरचं एक खोकं सहज पुरेल.

एक पाइप मात्र रिकामाच टाका, पेटीपासून थेट वळचणीपर्यंत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत खांब आणि तारा किती आडव्या झाल्या, ते तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. खांबावरून येणारं फायबर तुटलं तर दुरुस्तीला कधीकधी फार दिवस लागतात. तेव्हा कौलाच्या टोकाला मोबाइल नेटवर्कचा बाहेरचा रिसीव्हर लावून काम चालवता येतं, पाइप तयार असला तर एका दुपारचं काम. त्या रिसीव्हरच्या केबलला अर्थिंगला जोडलेला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला जादा दाब जमिनीत सोडणारं यंत्र) लावा, आणि ते अर्थिंग घराचंच हवं, दुसरा खड्डा वेगळा काढायचा नाही.

वाडीतल्या खोल्यांकडे येते. ४० मीटर म्हणजे कॅट ६ च्या आवाक्यातलं अंतर आहे, वायरमन म्हणेल टाकून देतो. इथे अडचण विजेची. मे महिन्यात वळवाच्या वेळी आणि पुन्हा ऑक्टोबरात पाऊस परतताना आपल्याकडे विजा किती कडाडतात! वीज घरावर पडायलाच हवी असं नाही. जवळच्या माडावर पडली तरी त्या क्षणी जमिनीतून प्रचंड प्रवाह पसरतो आणि घराचं अर्थिंग आणि वाडीतल्या खोल्यांचं अर्थिंग यांच्यातल्या दाबात मोठा फरक पडतो. दोन्हीकडे तांब्याची केबल जोडलेली असली तर तो फरक त्या केबलमधून वाट काढतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही. बाहेर वापरायचं सिंगल मोड फायबर घ्या, त्याच्यासोबत आधाराला पोलादी तार नसलेलं, हे मुद्दाम विचारून घ्या. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारा छोटा डबा) लागतो, तो फार महाग नसतो. फायबरची टोकं जोडायला नेट कंपनीचा स्थानिक मुलगाच येऊन मशीनवर जोडून देईल.

हे फायबर माडाच्या खोडांवरून हवेत लटकवू नका, एक सुकलेली झावळी पडली की तुटलं. वाडीत पाण्याला वापरतात तो काळा एचडीपीई पाइप घ्या आणि त्यातून न्या. जांभा खणायला जड जात असेल तर पाइप गडग्याच्या पायथ्याने नेऊन वर माती आणि दगड चढवा. त्या पाइपातही दोरी ठेवा.

फाटकाचा कॅमेरा केबलमधूनच वीज घेणारा, पीओई घ्या, म्हणजे फाटकाजवळ वेगळा प्लग नको. उघड्यावर जाणारी केबल मात्र काळ्या, उन्हात टिकणाऱ्या पॉलिइथिलीन आवरणाची हवी. घरातली राखाडी केबल बाहेर लावली तर तिचं आवरण उन्हाने तडकतं. फाटक घरापासून लांब असेल तर तिथेही फायबरच बरं, मग कॅमेऱ्यासाठी विजेची सोय तिकडे करावी लागेल.

कामाचा क्रम सांभाळा. दिवाळीनंतर सुरू करताय ते उत्तम. आधी पाइप आणि डबे, मग गिलावा, तो पुरता सुकू द्या, मग केबल, आणि जॅक सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत भिंतीला मेजरटेप लावून ठेवा. २ वर्षांनी खिळा ठोकताना त्याची आठवण होईल. केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा. जॅक झडप असलेले आणि आतल्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा असलेले घ्या, रिकामे राहिलेले पॉइंट झाकून ठेवा. नाहीतर खारी हवा तर शिरतेच, मुंग्याही घर करतात.

वायरमनला २ गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक, आठच्या आठ तारा जोडायच्या. काही जण ४ तारांवर काम भागवतात किंवा एकाच केबलचे २ पॉइंट काढतात, मग वेग १०० मेगाबिटच्या वर जात नाही. दोन, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम बी प्रकारचा, आणि जॅकमध्ये बसवताना जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. काम झाल्यावर टेस्टरवर ८ दिवे क्रमाने लागले की पैसे द्यायला हरकत नाही. तरी मुलाला प्रत्येक पॉइंटवर लॅपटॉप लावून कनेक्शनचा वेग बघायला सांगा. १००० दिसलं तर ठीक. कुठे १०० दिसलं तर त्या पॉइंटवर एखादी तार सुटली आहे, वायरमन घरात असतानाच जॅक पुन्हा बसवून घ्या.

जुन्या फोनच्या वायरीवरून नेट चालवू नका, तिच्यात २ किंवा ४ च तारा असतात. पण ती पाइपातून गेलेली असेल आणि ओढल्यावर मोकळी हलत असेल, तर तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून दुसरीकडून सावकाश ओढून घ्या. पाइप पुरेसा रुंद निघाला तर त्या भिंतीला नवी खाच पाडावी लागणार नाही.